“आईचं सगळं व्यवस्थित आहे”: ब्रिटनमधल्या एका इमिग्रेशन अपिलाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या तिच्या थोरल्या मुलीचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि कायद्याचा भाग तसाच ठेवला आहे. आईला ‘आजी’ म्हणतो, कारण फाइलीतसुद्धा नातवंडांच्या तोंडचं तेच नाव रुळलं होतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतून ‘आईला इकडे आणायचंय, काय करावं लागेल?’ हा प्रश्न हमखास येतो. खरं उत्तर कुणालाच आवडत नाही: कायद्याने दार उघडं आहे, पण फट अगदी बारीक आहे. या प्रकरणात त्या फटीतून जाता आलं, तेही मूळ नियमाखाली नव्हे.

पार्श्वभूमी

आजींचं वय ७६. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, शाळेचं निवृत्तिवेतन, यजमान २०१६ मध्ये गेले. थोरली मुलगी इंग्लंडमध्ये, तिच्याकडे ब्रिटिश नागरिकत्व. जावई आयटीत, दोन मुलं, त्यातला मोठा दहावीच्या पातळीच्या जीसीएसई परीक्षेच्या उंबरठ्यावर. धाकटी मुलगी नाशिकला सासरी. तिच्या यजमानांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

२०२२ पासून आजींचा विसराळूपणा वाढला. सुरुवातीला सगळ्यांनी तो वयावर ढकलला. मग एकदा गॅस चालू राहिला आणि शेजारच्यांनी थोरलीला फोन केला. ब्युरोतून बारा तासांची बाई ठेवली, पुढे चोवीस तासांची. बायका टिकेनात. एक दिवाळीला गावी गेली ती आलीच नाही. एकीवर आजींनी बांगड्या चोरल्याचा आळ घेतला. बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, पण तोवर ती बाई रडत निघून गेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी स्मृतीची चाचणी घेतली, ३० पैकी २३ गुण आले. नोव्हेंबरात शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ‘बघू जमतंय का’ म्हणून ठेवलं. आठवडाभरात तिथल्या मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: आजी रात्री गेटपर्यंत जातात, आमच्याकडे रात्री एकच माणूस असतो, कृपया घेऊन जा.

मार्च २०२४ मध्ये थोरलीने त्यांना सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर इंग्लंडला नेलं. परतीचं तिकीट काढलेलं होतं. याआधीही आजी दोनदा येऊन वेळेत परतल्या होत्या.

अडचण

जूनमध्ये आजी बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. व्हिजिट व्हिसावरच्या माणसाला एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, अपघात विभागातली तपासणी फुकट मिळते, पण दाखल झाल्यावर ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. बिल पाच आकडी पौंडांत गेलं. विम्याने थोडा भाग दिला, उरलेलं थोरलीने हप्ते बांधून भरलं. ते भरणं नुसतं सभ्यपणाचं नव्हतं. एनएचएसचं ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल थकलं तर तेवढ्या कारणावर पुढचा इमिग्रेशन अर्ज नाकारता येतो.

शस्त्रक्रियेनंतर आजींची घसरण झपाट्याने झाली. ऑगस्टमध्ये स्मृतीच्या चाचणीत ३० पैकी १४ गुण. आयुष्यभर वर्गात भूगोल शिकवलेल्या बाईचं इंग्रजी पूर्ण गेलं, मराठीही तुटक उरली. थोरलीच्या हातून जेवायच्या, दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसत. व्हिसा सप्टेंबरच्या सुरुवातीला संपत होता.

पर्याय

कुटुंबापुढे चार वाटा होत्या.

आजींना घेऊन पुण्याला परतायचं आणि जास्त पैसे मोजून चांगली व्यवस्था लावायची, ही पहिली. थोरली त्यासाठी तयार होती. पण तिची रजा महिन्याभराची, आणि आधीची दोन वर्षं डोळ्यांसमोर होती.

दुसरी वाट म्हणजे परत जाऊन भारतातून अवलंबून असलेल्या प्रौढ नातेवाइकांसाठीच्या व्हिसाचा अर्ज करणं. हा नियम जुलै २०१२ पासून फार कडक झाला आहे. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याच्या हाताची गरज असली पाहिजे. आणि तेवढ्यावर भागत नाही: स्पॉन्सरने, म्हणजे ब्रिटनमधल्या नातेवाइकाने, पैसे आणि इतर मदत देऊनही तशी काळजी मायदेशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. इथला तिढा या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. मुलगी कमावती नसेल तर ती आईला पोसायची हमी देऊ शकत नाही. चांगली कमावती असेल तर सरकार म्हणतं, मग पैसे पाठवा आणि तिकडेच बाई ठेवा. २०१७ मध्ये ब्रिटसिट्स या संस्थेने या नियमालाच आव्हान दिलं तेव्हा कोर्ट ऑफ अपीलने नियम कायम ठेवला. पण एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: काळजी म्हणजे नुसतं खाऊपिऊ घालणं आणि अंघोळ नव्हे, त्या माणसाच्या मानसिक आणि भावनिक गरजाही त्यात धरल्या पाहिजेत. या वाटेने जिंकलं तर थेट कायमचा परवाना मिळतो. फी तीन हजार पौंडांच्या वर, नकार आला तरी परत मिळत नाही, आणि निर्णय येईपर्यंत आजी पुण्यात कुणाकडे राहणार?

तिसरी वाट, व्हिसा संपायच्या आत इंग्लंडमधूनच मानवी हक्कांच्या आधारावर अर्ज करणं. युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमातला कौटुंबिक जीवनाचा हक्क हा त्याचा पाया. व्हिजिट व्हिसावरून प्रौढ नातेवाइकांच्या व्हिसावर जाता येत नाही, म्हणून हा अर्ज नियमाबाहेरचा ठरतो. या वाटेवर मोठा धोंडा आहे. २०२१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने व्हिजिट व्हिसावर येऊन राहिलेल्या एका वृद्ध पाकिस्तानी विधवेचं अपील फेटाळलं. तिची मुलं ब्रिटनमध्ये होती, तब्येत नाजूक होती, तरीही.

आणि चौथी, थोरलीनेच कुटुंबासकट भारतात परत जाणं. ही वाट कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पण न्यायाधीश हा प्रश्न विचारतोच, त्यामुळे कागदावर त्याचं उत्तर असावंच लागतं.

पहिला निर्णय: केव्हा आणि कुठून

तिसरी वाट धरली. निर्णायक मुद्दा होता तारखेचा. व्हिसा चालू असताना अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत, आणि नकारानंतर वेळेत अपील केलं तर अपील संपेपर्यंत, आधीचाच परवाना कायद्याने पुढे चालू राहतो. एक दिवस उशीर झाला असता तर आजी बेकायदा राहिलेल्या ठरल्या असत्या आणि पुढे तराजूत तो दिवस जड गेला असता. या काळात देश सोडायचा नाही, हेही घरच्यांना दोनदा सांगावं लागलं. ‘दिवाळीला आठ दिवस नेऊन आणतो’ असा विचार जावयांच्या डोक्यात आला होता. बाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतल्याचं धरतात, आणि अपील चालू असेल तर ते सोडून दिल्याचं.

अर्जाची फी तेव्हा १,२५८ पौंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे अडीच वर्षांचा २,५८७ पौंड ५० पेन्स. अर्ज नाकारला तर अधिभार परत येतो, फी येत नाही.

नकाराचं पत्र

डिसेंबरमध्ये नकार आला. पत्रात अपेक्षित ते सगळं होतं: पुण्यातल्या वृद्धाश्रमांची इंटरनेटवरून काढलेली यादी, नाशिकची धाकटी मुलगी, थोरलीची ऐपत, आणि नेहमीचं वाक्य की प्रौढ माय-लेकींत असतो त्यापलीकडचा आधार इथे दिसत नाही.

खरा घाव मात्र पाचव्या परिच्छेदात होता. होम ऑफिसने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याने, व्हिजिट व्हिसाच्या वेळी थोरलीने जोडलेलं पत्र बाहेर काढलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये तिने लिहिलं होतं: आईची तब्येत चांगली आहे, चोवीस तास मदतीला बाई आहे, धाकटी बहीण जवळच असते आणि तिच्याकडे लक्ष ठेवते, त्यामुळे आई नक्की परत येईल.

या एका पत्रात आपल्याकडची सगळी वृत्ती आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हिसा अधिकाऱ्यापुढे घरातलं दुखणं कशाला काढायचं? पुण्याच्या नातेवाइकांपुढेही काढलं नव्हतं. आणि वृद्धाश्रमातून आईला परत आणावं लागलं ही गोष्ट तर थोरलीने सासरीही सांगितली नव्हती. पण ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे इमिग्रेशनची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, झाकलेली मूठ रिकामी धरतात. कागदावर काळजीची सोय आहे असं स्वतःच लिहून ठेवलं, की नंतर ती सोय नव्हती हे सांगणारा माणूस एक तर तेव्हा खोटं बोलला किंवा आता बोलतोय.

दुसरा निर्णय: त्या पत्राचं काय करायचं

एक मत असं होतं की आपण त्या पत्राला हात लावू नये, विचारलं तर उत्तर देऊ. शेवटी उलटं केलं. थोरलीच्या साक्षीच्या निवेदनात दुसऱ्याच परिच्छेदात ते पत्र घेतलं. बाई त्या महिन्यात खरोखर होती, पगाराच्या नोंदी आहेत. परतीचं तिकीट खरं होतं. आजार होता, पण स्वतःचं स्वतः जेवण्याइतक्या त्या तेव्हा ठीक होत्या. वृद्धाश्रमाचा प्रसंग लिहिला नाही, कारण व्हिसा नाकारला जाईल अशी भीती वाटली. हे तिने सरळ लिहिलं. वकिलाला घाम फोडणारं वाक्य होतं, पण पुढे सुनावणीत त्याचा फायदा झाला.

पुरावा: वही, यूपीआय आणि दोन ओळींचं सर्टिफिकेट

ब्रिटनमध्ये असलेल्या माणसाला अपील दाखल करायला १४ दिवस मिळतात. सुनावणीची फी १४० पौंड. नुसत्या कागदांवर निर्णय हवा असेल तर ८०. पैसे वाचवायला कागदी निर्णय मागणारे असतात. अशा प्रकरणात ते करू नये. इथे साक्षीदाराच्या तोंडून ऐकल्याशिवाय काही पटत नाही.

पहिल्या अर्जाला जोडलेलं पुण्याच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लेटरहेडवर दोन ओळींचं होतं: रुग्णाला स्मृतिभ्रंश आहे, तिला मुलीच्या देखरेखीची गरज आहे. आपल्याकडे डॉक्टर मायेने असं लिहून देतात. तिथे त्याची किंमत शून्य, कारण ‘मुलीच्या’ हा शब्द वैद्यकीय नाही. अपिलासाठी त्यांच्याकडून नव्याने पत्र घेतलं. कधीपासून उपचार, प्रत्येक भेटीत काय आढळलं, कोणती औषधं, ब्युरोच्या बाया बदलल्या तेव्हा रुग्णावर काय परिणाम दिसला, एवढंच त्यात होतं. सल्ला नाही, शिफारस नाही.

सगळ्यात वजनदार पुरावा मात्र एका शंभरपानी वहीत निघाला. पुण्यात सर्वांत जास्त टिकलेल्या मावशींनी थोरलीच्या सांगण्यावरून रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. निळ्या बॉलपेनने, शुद्धलेखनाची फिकीर न करता. बीपी, गोळ्या, किती खाल्लं. आणि मधूनच: ‘रात्री २ वा. उठल्या, शाळेत जायचं म्हणून दार उघडत होत्या. मी धरलं तर हाताला चावल्या.’ ‘आज जेवल्या नाहीत. ताईचा विडिओ कॉल लावला मग चार घास.’ ही वही खटल्यासाठी लिहिलेली नव्हती, हेच तिचं बळ. निवडक पानांचं भाषांतर प्रमाणपत्रासह जोडलं, मूळ वही सुनावणीला नेली. बायांना दिलेल्या पगाराच्या पावत्या कुणाकडेच नसतात, पण यूपीआयचे व्यवहार असतात. किती बाया आल्या, प्रत्येक कधी गेली, मध्ये किती दिवस कुणी नव्हतं, याचा आराखडा त्या उताऱ्यांवरून काढता आला.

धाकटीच्या बाबतीत पहिल्या मसुद्यात एक वाक्य आलं होतं: आमच्याकडे आई लेकीच्या घरी राहत नाही. घरच्यांना ते बिनतोड वाटत होतं. पण आजी इंग्लंडमध्ये लेकीच्याच घरी राहत होत्या! ते वाक्य काढलं आणि त्या जागी तिच्या यजमानांच्या डायलिसिसच्या नोंदी, दोन खोल्यांचं घर आणि सासूबाईंचं वय आलं. तिने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र पाठवलं. स्टॅम्पचं तिथे कुणाला काही नाही. मजकूर आणि तारखा जुळतात का तेवढं बघतात. ती व्हिडिओवरून साक्ष देऊ शकेल असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं. परदेशातून तोंडी साक्ष घ्यायची तर त्या देशाची हरकत नाही हे आधी तपासावं लागतं, म्हणून लेखी निवेदनावर भागवलं.

तिसरा निर्णय: ज्या वृद्धाश्रमाने ‘हो’ म्हटलं त्याचं काय

पुणे आणि परिसरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घेणाऱ्या ठिकाणांना लेखी विचारणा केली. बहुतेकांनी अंथरुणाला खिळलेले किंवा रात्री फिरणारे रुग्ण घेत नाही असं कळवलं, काहींनी उत्तरच दिलं नाही. एका ठिकाणाने जागा आहे, घेऊ, असं लिहिलं.

ते उत्तर बंडलमध्ये, म्हणजे सुनावणीच्या कागदपत्रांच्या संचात, घालायचं का, यावर घरात भांडण झालं. जावयांचं म्हणणं, आपल्याच पायावर धोंडा कशाला? पण ट्रायब्युनलपुढे अर्धी माहिती ठेवायची नसते, आणि ते ठिकाण होम ऑफिसच्या यादीतही होतं. उत्तर जोडलं, आणि पुढचे प्रश्न विचारून त्यांचीही उत्तरं जोडली. रात्री किती रुग्णांमागे एक माणूस? भरवायला एकच व्यक्ती रोज असेल का? नवीन रुग्ण जेवलाच नाही तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की मग नळीने आहार देण्यासाठी रुग्णालयात हलवतो.

त्यावर वृद्धांच्या आजारांच्या इंग्लंडमधल्या तज्ज्ञांचा स्वतंत्र अहवाल घेतला. आजी विमानाने जाऊ शकतील, असं त्यात स्पष्ट होतं. ओळखीचं एकमेव माणूस काढून घेतलं तर खाणं थांबण्याचा धोका मोठा आहे आणि झालेली घसरण भरून येणार नाही, हेही होतं. एका स्वतंत्र सोशल वर्करनेही घरी येऊन, जेवणाच्या वेळी बसून, अहवाल लिहिला.

सुनावणी

ऑगस्ट २०२५. आजींना साक्षीला बोलावलं नाही. आपल्या खटल्याचे निर्णय घेण्याची त्यांची क्षमता नसल्याने जावई त्यांचे ‘लिटिगेशन फ्रेंड’, म्हणजे त्यांच्या वतीने खटला चालवणारे, झाले. थोरली मुख्य साक्षीदार, म्हणून ती ही भूमिका घेणं योग्य नव्हतं.

होम ऑफिसच्या प्रतिनिधीने तासभर थोरलीला त्या जानेवारीच्या पत्रावरच धरलं. मग विचारलं, तुम्ही भारताच्या ओसीआय कार्डधारक आहात, म्हणजे तिथे व्हिसाशिवाय राहू शकता, तुम्हीच का जात नाही? मुलाच्या परीक्षा, यजमानांची नोकरी, धाकट्याची शाळा, सगळं तिने सांगितलं. ‘जाऊ शकत नाही’ असं मात्र ती म्हणाली नाही. ‘आईसाठी मुलांना उपटायचं की मुलांसाठी आईला, असं आहे,’ एवढं म्हणाली.

निकाल

न्यायाधीशांनी नियमाखाली अपील मान्य केलं नाही. अर्ज ब्रिटनमधून केलेला, आणि शारीरिक काळजी एका ठिकाणी तरी मिळू शकते. त्या ‘हो’चा असा परिणाम झालाच.

मग आठवं कलम. प्रौढ माय-लेकींत कौटुंबिक जीवन आहे का, हे २००३ पासून कुगाथास निकालाच्या कसोटीवर ठरवतात: खराखुरा, परिणामकारक किंवा बांधिलकीचा आधार आहे का? वही, घासांच्या नोंदी आणि सोशल वर्करच्या अहवालावरून तो आहे असं ठरलं. पुढचा प्रश्न, परत पाठवण्याचे परिणाम समर्थन करता येणार नाही इतके कठोर होतील का? इमिग्रेशन नियंत्रणातलं सार्वजनिक हित न्यायाधीशांनी भरपूर जड धरलं, व्हिजिट व्हिसावर आल्याचंही धरलं. दुसऱ्या पारड्यात तज्ज्ञांचं मत, वेळेत केलेला अर्ज, भरलेलं बिल. जानेवारीच्या पत्राबद्दल निकालात लिहिलं आहे की ते उजळ करून लिहिलेलं होतं, पण साक्षीदाराने ते स्वतःहून मान्य केलं, म्हणून बाकीच्या साक्षीवर विश्वास ठेवता येतो. अपील मंजूर. होम ऑफिसने वरच्या ट्रायब्युनलकडे जाण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबर २०२३ मध्ये वृद्धाश्रमातून आजींना परत आणलं, तेव्हाच भारतातून अर्ज करायला हवा होता का? जिंकलं असतं तर कायमचा परवाना मिळाला असता. पण तेव्हा गुण २३ होते, त्या स्वतः जेवत होत्या, नकार जवळपास नक्की होता. आधी केला तर माणूस पुरेसं आजारी नसतं, थांबलं तर माणूस प्रवासाला उरत नाही. नियमाची रचनाच अशी आहे, इथे कुटुंबाला दोष देता येत नाही.

व्हिजिट व्हिसाच्या पत्राबद्दल मात्र देता येतो. ‘आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, उपचार चालू आहेत, सहा महिन्यांसाठी नेत आहोत, हे परतीचं तिकीट’ असं लिहिलं असतं तर व्हिसा मिळाला नसता असं नाही. आणि मिळाला नसता तरी तोच नकार पुढच्या अर्जाचा पुरावा झाला असता.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही, ती आता जाचते आहे. आजींचं डोकं शाबूत असताना फ्लॅट आणि बँकेची व्यवस्था लावली नाही. भारतात नुसतं मुखत्यारपत्र करूनही भागलं नसतं, कारण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी चळली की मुखत्यारी संपते. आता पालक नेमून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागेल. तोवर फ्लॅट बंद आहे आणि निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला पाठवण्याची धावपळ आहे.

नियमाबाहेर जिंकल्यामुळे आजींना ३० महिन्यांचाच परवाना मिळाला, सरकारी मदतीचा हक्क नाही. कायमच्या परवान्यापर्यंतचा रस्ता दहा वर्षांचा, म्हणजे त्या पंच्याऐंशी ओलांडतील तेव्हा संपणारा. पुढचा अर्ज हा परवाना संपायच्या आत करायचा, पुन्हा फी, पुन्हा अधिभार. फी माफी मागता येते, पण घर चालवणाऱ्यांचं उत्पन्न बघता ती मिळेल असं धरून चालू नका, असं थोरलीला सांगितलं आहे. सोशल वर्करचा ताजा अहवालही त्या वेळी लागेल, म्हणून जेवणाच्या नोंदी ठेवणं चालू आहे.